तीन शेरांचा बेलभंडारा

माघ सरत आला, शाळू वाळून खडखडीत झाला, तरी वाघदऱ्याच्या शिवारात एकाही ताटाला हात लागला नव्हता. पाखरांची तेवढी चंगळ चालली होती. सुंदरराव देशमुख रोज सकाळी बांधावर येई, एखादं कणीस तळहातावर चोळून बघे आणि म्हाळू सालगड्यावर तोंडसुख घेऊन माघारी फिरे. म्हाळूचा काही दोष नव्हता. उपटणीला बायाच येत नव्हत्या, त्याला तो तरी काय करणार.

बाया येत नव्हत्या त्या कौशल्यामुळं. त्या साली परळीकडं आगगाडीचा रूळ पडत होता. मातीकामाचा गुत्तेदार हाली नाण्यांत रोख पैसे मोजत होता आणि गावोगावचे हातापायांनी धड असलेले गडी तिकडं पांगले होते. कौशल्याचा नवरा उत्तरेश्वर गेला तोही त्यातच. घरात ती आणि तिची सासू चंद्रभागाबाई, दोघीच उरल्या. रान म्हणाल तर दोघींच्या नावावर वीतभर नव्हतं. कौशल्याचं डोकं मात्र चालायचं. गडी गावात नाहीत, पीक उभं, आभाळाचा भरवसा नाही. मालकाची मान अशी हातात पुन्हा यायची नाही, हे तिनं बरोबर हेरलं. उपटणीची मजुरी दिवसाला दोन शेर ज्वारी. सासू नवरी होऊन आली तेव्हाही दोन शेर, आणि आता तिच्या तोंडात दात उरले नव्हते तरी दोनच शेर.

महादेवाच्या देवळात तिनं सगळ्या बाया गोळा केल्या. वीसेक जणी होत्या. रतनबाई नवी लग्न होऊन आलेली, अंगानं दणकट आणि जिभेला हाड नसलेली. ती म्हणाली, "वैनी, आज समद्या हो म्हंत्यात. उद्या एखादी गेली फुटून म्हंजी?"

"म्हनून तर बेलभंडारा आनलाय," कौशल्या म्हणाली.

पिंडीवरचं बेलाचं पान आणि भंडाऱ्याची चिमूट तळहातावर घेऊन एकदा बोललेला शब्द वाघदऱ्यात कुणी मोडत नसे. एकानं म्हणे पूर्वी मोडला होता. त्याच्या घराच्या जागी आता नुसती निवडुंगाची जाळी होती. कौशल्यानं शब्द घालून दिले, "तीन शेराच्या खाली ताट उपटनार न्हाई." एकेक बाई पुढं आली, बेल उचलला, बोलली आणि मागं सरली. चंद्रभागाबाईची पाळी आली तेव्हा म्हातारी शब्दाशब्दाला थांबली. "तीन शेराच्या खाली," ती म्हणाली, मग तळहातावरच्या पानाकडं बघत राहिली, मग सावकाश, "ताट. उपटनार. न्हाई." कौशल्याला वाटलं, आत्याबाईला ऐकायला कमी येतंय. तिनं कानाशी तोंड नेऊन सगळं पुन्हा सांगितलं. म्हातारी म्हणाली, "आयकलं की गं. येवढी वराडतीस कावून?"

सुंदररावानं चार-पाच दिवस ताणून धरलं. शेजारच्या वस्तीवर माणूस पाठवून पाहिला, तिथलेही लोक रुळावरच गेलेले. शेवटी तो स्वतः देवळापाशी आला. माणूस तसा दुष्ट नव्हता. हिशेबी होता, आणि हिशेबी माणूस चिडला की फार थंड बोलतो.

"तीन तर तीन," तो म्हणाला. "मंजूर."

त्या दिवशी गावातल्या बायांनी चुलीपुढं बसून उगीच हसून घेतलं. कौशल्याच्या पायांना तर जमीनच लागत नव्हती. उद्यापासून घरात दोघींचे सहा शेर येणार होते.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना सगळ्या जणी रानाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. सुंदरराव आधीच येऊन थांबला होता. त्यानं बाजारात बैल बघावा तसं एकेकीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काठीनं बाजूला काढायला लागला. रतनबाई, ये. कौशल्या, ये. तू ये. तू नको. तुळजाबाई पुढं झाली तर तिच्या पोटाकडं पाहून म्हणाला, "तू बाळंत होऊन ये." तिचा नवरा गेल्या पावसाळ्यात पान लागून, म्हणजे साप चावून, गेला होता आणि हे पोट तोच मागं ठेवून गेला होता. चंद्रभागाबाईकडं तर त्यानं काठीसुद्धा केली नाही.

"मालक, आवंदा ह्या कावून नगं?" कौशल्यानं विचारलं. "दर साली येत्यात की."

"दर साली दोन शेर व्हते. दोन शेरात कोन कसं उपटतंय, म्या कदी बगितलं न्हाई. आता तीन देतो. तीन शेराचं काम करनारी बाई घेनार. त्यात माझं काय चुकलं, तूच सांग."

बेल तिनंच आणला होता, शब्द तिनंच घातले होते. ताट तीन शेराच्या खाली उपटायचं नाही, एवढंच त्यात होतं. सगळ्यांना कामावर घ्यायचं, असं एक अक्षरही त्यात नव्हतं. ते कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण पातीला, म्हणजे उपटणीच्या ओळीला, उभी राहील ती बाई, ही रीत या रानात कधी कुणी मोडलीच नव्हती.

चंद्रभागाबाईनं डोक्यावरची भाकरीची गाठोडी उतरवली आणि त्यातली कौशल्याची भाकरी काढून तिच्या हातात दिली.

"दोन शेरात मी बाई व्हते," ती म्हणाली. "तीन शेरात म्हातारी झाले." आणि ती तुळजाबाईचा हात धरून गावाकडं चालायला लागली.

त्या दिवशी कौशल्यानं पात धरली ती दातओठ खाऊन. शाळू उपटणं म्हणजे कमरेचं मरण. दोन्ही हातांनी ताट बुडाशी धरायचं, कमरेतून हिसका द्यायचा, मुळाची माती पायावर झटकायची आणि आडवं टाकायचं. उन्हं वर आली की पानांची धार मनगटं कापते आणि धसकटं पायात घुसतात. आधी उपटणीत बोलणं असायचं, जी पुढं गेली ती मागच्या बाईच्या पातीला हात द्यायची. आता प्रत्येकीला वाटे, मालक बघतोय. मागं पडले तर उद्या काठी माझ्याकडं. बारा जणी मुकाट्यानं उपटत होत्या. संध्याकाळी पदरात तीन शेर घेऊन ती घरी आली तेव्हा तिला पहिल्यांदा उमगलं की पूर्वी या घरात दोघींचे चार शेर यायचे.

वरून गाव बोलेना. पाणवठ्यावर कौशल्यानं हंडा भरला आणि रीतीप्रमाणे डोक्यावर चढवायला कुणी हात देईल म्हणून वाकून थांबली. शेजारी तुळजाबाई आणि घरी बसवलेल्या आणखी दोघी उभ्या होत्या. तिघींनी तिच्याकडं पाहिलं आणि आपापले हंडे घासत राहिल्या. कौशल्यानं हंडा एकटीनं गुडघ्यावर घेतला, तिथून छातीशी, तिथून डोक्यावर. निम्मं पाणी अंगावर सांडलं. बाईला मारण्यापेक्षा हे वाईट, कारण मारलं तर उलटून बोलता तरी येतं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती रानातून आली तर दारात सुंदरराव. चंद्रभागाबाई उंबऱ्यावर बसली होती आणि तो उभ्याउभ्याच बोलत होता.

"म्हातारे, घरी बसून काय करतीस? दोन शेरावर ये. तुझ्या वयाला तेवढे लई झाले. त्या तुळजीला बी आन. तुमाला बी बरं, मला बी बरं."

म्हातारी हो म्हणाली तर शब्द मोडतो, आणि शब्दाचं सोडा, उद्या दोन शेरांत दहा बाया मिळाल्यावर तीन शेरांच्या बारा जणींना विचारतो कोण? पण नाही म्हणाली तर चुलीवर काय शिजवायचं, हेही कौशल्याला दिसत होतं. सासूच्या गळ्याच्या शिरा चारच दिवसांत वर आल्या होत्या. म्हातारी आपल्या ताटातली अर्धी भाकरी तुळजाबाईला नेऊन देते, हे कौशल्यानं पाहिलं होतं आणि न पाहिल्यासारखं केलं होतं.

चंद्रभागाबाईनं कपाळावर हात आडवा धरून मालकाकडं वर पाहिलं. "बेल उचललाय, मालक," ती म्हणाली. एवढंच. सुंदरराव माघारी फिरला.

"आत्याबाई," कौशल्या म्हणाली, "म्या चुकले का वो? तुमाला घरी बशिवलं म्या."

"तू बशिवलं का त्यानं बशिवलं?"

"शब्द तर माझा व्हता."

"शब्द चांगला हाय. आपुरा हाय." म्हातारीनं गुडघ्याला हात लावून उठायचा प्रयत्न केला आणि कौशल्यानं तिला काखेत धरून उठवलं. "बेल काय परत ठिवता येतो व्हय देवापुढं? पुढचं बग. तुझं डोकं चालतंय, चालव."

त्या रात्री कौशल्या भाकरी पुढ्यात घेऊन रडली, आणि रडून झाल्यावर ती सगळी भाकरी खाल्ली, कारण सकाळी पात धरायची होती.

पण आता सुंदररावाचंही धड चाललं नव्हतं. बारा जणी जिवाच्या आकांतानं उपटत होत्या, उपटलेलं रान मात्र तसंच आडवं पडत होतं. पेंढ्या बांधायच्या तर ओलसर ताटांना पीळ देऊन आळे, म्हणजे बांधायचे बंध, वळायला थांबावं लागतं, आणि थांबलेली बाई मालकाच्या डोळ्यावर येते. मग जी ती घाईघाईनं दोन वाळकी ताटं मुरगाळून पेंढी आवळी, आणि म्हाळूनं उचलली की ती त्याच्या हातात सुटे. म्हाळू वैतागून म्हणे, "मालक, ह्या पेंढ्या हायत का शिमग्याचा पसारा हाय बे?" मग मालकाला बे म्हटल्याबद्दल जीभ चावे. त्यात पश्चिमेला काळपट ढग जमायला लागले. गारा पडल्या तर कणसातला शाळू काळा पडतो आणि कडब्याला जनावरंही तोंड लावत नाहीत. ओढ्याच्या काठचं रान तर अजून उभंच होतं.

दुपारच्या भाकरीच्या वेळी कौशल्या बांधावर सुंदररावापुढं जाऊन उभी राहिली.

"मालक, वढ्याकाठचा तुकडा आमाला गुत्त्यानं द्या."

"म्हंजी?"

"रोज नगं आन शेर बी नगं. तुकडा एका दिसात उपटून, बांधून, उभा करून देतो. इसातली एक पेंढी आमची. किती बाया आनायच्या, कोन आनायच्या, ते तुमी बगायचं न्हाई. तुमी पेंढ्या बगायच्या."

सुंदररावानं मनात हिशेब केला. विसावी पेंढी म्हणजे जवळजवळ तेवढंच जात होतं. शिवाय बांधावर उभं राहून काठी करण्याची कटकट संपत होती. "आन एका दिसात न्हाई झालं तर?"

"तर आमचं काय बी नगं."

"मंजूर," तो म्हणाला, आणि ढगांकडं बघत घराकडं गेला.

मालक पटला, रतनबाई पटेना. "वैनी, हे काय केलं? आज मला माझे तीन शेर ठाव हायत. गुत्त्यात म्हाताऱ्या येनार, तुळजी येनार, आन वाटा समद्यांचा सारखा. मंग माझ्या कमरेचं तिनं खायाचं व्हय?"

"तुझी कंबर काय जल्मभर अशीच ऱ्हानार हाय का गं?"

"ते मी म्हातारी झाल्यावर बगीन. आन वाट्याला तीन शेरापरीस कमी आलं तर? बेल मोडला तर? तो कुनाच्या डोक्यावर?"

तिथं खरंच फसगत होऊ शकत होती. विसावी पेंढी वीस जणींत वाटून प्रत्येकीला तीन शेर पडतील असा कौशल्याचा अंदाज होता, पण अंदाज म्हणजे माप नव्हे. "माझ्या," ती म्हणाली. "कमी आलं तर ते माझ्या वाट्याला. वाटनारीनं मागून उचलायचं, ही रीतच हाय."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना घरी बसवलेल्या सगळ्या जणी आल्या. तुळजाबाई पोटाला पदर घट्ट बांधून आली आणि कौशल्याशी न बोलता पातीला उभी राहिली. उपटणी सुरू झाली. बांधावर मालक नव्हता, तरी कौशल्याला सारखं मागं वळून बघावंसं वाटत होतं. सूर्य डोक्यावर आला तेव्हा तुळजाबाई चौथ्यांदा खाली बसली. कौशल्याच्या मनात आलं, हिला उगीच घेतलं. रतनबाईच्या दोन पाती झाल्या तरी हिची एक निघेना. आणि आत्याबाई तर उपटायलाच आली नव्हती. ती बांधाच्या सावलीला पाय पसरून बसली होती आणि हिरवट राहिलेली ताटं निवडून त्यांना पीळ देत होती. दिवस असाच निघून गेला तर हातात काहीच पडणार नाही, आणि ह्या दोघी...

तेव्हा कौशल्याला एकदम जाणवलं की आपण सुंदररावाच्या डोळ्यांनी बघतोय. तिला स्वतःची शिसारी आली. तिनं आपली पात सोडली, तुळजाबाईच्या पातीत शिरली आणि तिच्या बाजूची ताटं उपटायला लागली.

"उठ, सावलीला जा," ती म्हणाली. "आत्याबाईपाशी बसून पेंढ्या बांध. उपटायचं आमी बगतो."

तुळजाबाईनं कपाळाचा घाम पुसला. "हंडा डोईवर दिला न्हाई तवा म्या," ती म्हणाली, "राग धरू नगंस."

"धरला व्हता. आता फुरसत न्हाई."

मग कामाला खरी लय सापडली. दणकट बाया नुसत्या उपटत सुटल्या, वाकून गाठी मारायला कुणी थांबेना, कारण मागून म्हाताऱ्या आळ्यांचे भारे घेऊन येत होत्या आणि पेंढी आवळून उभी करत होत्या. चंद्रभागाबाईचा आळा सुटत नव्हता. जी पुढं जाई ती मागचीच्या पातीला हात देई, आणि बोलणं पुन्हा सुरू झालं. रतनबाई तर नवऱ्याच्या घोरण्याच्या नकला करून सगळ्यांना हसवत होती. दिवस मावळायच्या आत ओढ्याकाठचा तुकडा मोकळा झाला. म्हाळूनं पेंढ्या मोजून विसावी विसावी बाजूला टाकली आणि एक उचलून हलवून पाहिली. ती सुटली नाही.

सकाळी कौशल्याच्या अंगणात कणसं खुडून बडवली. ती इतकी वाळली होती की काठी लागताच दाणा उडत होता. उफणून रास केली आणि म्हाळूकडून शेर मागून आणला. कौशल्या मापायला बसली. पहिलं माप एक म्हणून मोजायचं नसतं. "लाभ," ती म्हणाली आणि तुळजाबाईच्या पदरात ओतलं. "दोन. तीन." तुळजाबाई उठली. पुढची बसली. लाभ, दोन, तीन. रास उतरत होती आणि अंगणातलं बोलणं बंद होत चाललं होतं. रतनबाईनं आपले तीन शेर घेतले, पण ती घरी गेली नाही. चंद्रभागाबाईनं घेतले. शेवटी एकटी कौशल्या उरली आणि पुढ्यात राहिलेलं धान्य.

लाभ. दोन. तिसऱ्या खेपेला तिनं जमीन खरडून दाणे गोळा केले, पण शेर गळ्यापर्यंतच भरला. वर बोटभर जागा रिकामी राहिली.

दोन-चार मुठींचा खेळ, पण तीन शेराच्या खाली ते तीन शेराच्या खालीच. कौशल्या त्या मापाकडं बघत राहिली. तिला धान्याचं काही वाटत नव्हतं. बेल आपणच आणला आणि पहिल्यांदा आपल्याच हातून मोडला, एवढंच तिच्या मनात येत होतं, आणि तिचं तोंड पार उतरलं.

चंद्रभागाबाई पुढं सरकली. तिनं आपल्या पदरातली मूठ काढली आणि शेरात टाकली. दुसरी, तिसरी. शेर शिगोशीग भरला तेव्हा हात झटकला.

"आत्याबाई, नगं," कौशल्या म्हणाली. "आता तुमचे कमी झाले. मोडला तो मोडलाच की. माझ्या डोक्यावरचा तुमच्या डोक्यावर गेला."

"माझ्या कसा येईल? म्या एक तरी ताट उपटलं का काल?"

कौशल्यानं शेर खाली ठेवला.

"आळे वळले," म्हातारी म्हणाली. "बेल उचलताना काय बोललो आपुन? ताट उपटनार न्हाई. आळ्याचं नाव घेतलं व्हतं का कुनी? मला दोन शेर चालत्यात, शेर बी चालतो."

आधी तुळजाबाईला हसू फुटलं, मग सगळ्यांना. रतनबाई तेवढी हसली नाही. ती भुवया आवळून म्हातारीकडं बघत होती.

"थांबा, मावशी," ती म्हणाली. "मंग त्या दिशी मालक दारात आलता, दोन शेर देतो म्हनला, तवा जायाचं की आळे वळायला. बेल बी मोडला नसता आन उपास बी पडला नसता. तवा सुचलं न्हाई व्हय?"

"देवळात बेल हातात व्हता तवाच सुचलं व्हतं," चंद्रभागाबाई म्हणाली. "पन सुंदररावाला सुचू द्यायाचं नव्हतं. त्याला कळलं असतं, तर त्यानं उपटनीलाच आळे वळनं म्हनलं असतं, आन दुसऱ्या दिशी तुमी समद्या जनी दोन शेरावर आळेच वळत बसला असता."

अंगणातलं हसू थांबलं. रतनबाई उठली, म्हातारीच्या पुढ्यात बसली आणि आपल्या पदरातली एक मूठ तिच्या पदरात टाकायला निघाली. म्हातारीनं तिचा हात धरला. "पुरे. तू ताटं उपटलीस. तुझे तीन कमी व्हायला नगंत."

तेवढ्यात म्हाळू आपला शेर परत न्यायला आला. त्यानं निरोपही आणला होता. मालक विचारत होते, वरच्या रानाचं गुत्तं घेता का, ढग वाढत चाललेत.

"घेतो म्हनावं," कौशल्या म्हणाली. "पन इसावी न्हाई, अठरावी पेंढी."

म्हाळू डोकं खाजवत परत गेला. चंद्रभागाबाईनं पदराची गाठ आवळली, उंबऱ्यामागचा आळ्यांचा उरलेला भारा ओढून काढला आणि वरच्या रानाकडं चालायला लागली. कौशल्या भारा घ्यायला पुढं झाली, पण म्हातारीनं तो दिला नाही.